पेनाचा रंग आणि लोकांचे मत

१९९० च्या प्रारंभी मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या छोट्या देशात सार्वत्रिक निवडणुकीची धामधूम चालू होती. अनेक वर्षांच्या यादवी युद्धातून देश नुकता कोठे बाहेर पडत होता. मतदारांचा कल कोणाकडे आहे हे जाणून घेण्यासाठी देशी-परदेशी पाहणीकारांची तेथे रीघ लागली होती. या गर्दीत एक छोटीशी, पण विलक्षण पाहणी झाली. मिशिगन विद्यापीठातील कॅथरिन बिशपिंग आणि हॉवर्ड शूमन या संशोधकांनी तिचे विवेचन पुढे प्रसिद्ध केले. सुमारे तीनशे नागरिकांना एकच प्रश्नावली विचारण्यात आली. फरक होता तो केवळ मुलाखतकाराच्या हातातील पेनाचा. काही मुलाखतींत हे पेन सत्तारूढ सँडिनिस्टा पक्षाच्या लाल-काळ्या रंगांचे होते, काहींत विरोधी आघाडीच्या निळ्या-पांढऱ्या रंगांचे, तर उरलेल्या मुलाखतींत कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेले साधे पेन होते.

लाल-काळे पेन पाहून उत्तरे देणाऱ्यांत अध्यक्ष दानिएल ऑर्तेगा आघाडीवर होते. निळे-पांढरे पेन पाहून उत्तरे देणाऱ्यांत विरोधी उमेदवार श्रीमती व्हायोलेता चामोरो पुढे होत्या. माणूस समोरच्याचा कल पाहून बोलतो, एवढेच यातून दिसते, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु खरे नवल आहे ते तिसऱ्या पेनाचे. लाल-काळ्या पेनाला जी उत्तरे मिळाली, जवळजवळ तशीच उत्तरे या साध्या पेनालाही मिळाली. याचा अर्थ उघड आहे. दारात उभा राहिलेला आणि हातात कागद घेतलेला अनोळखी माणूस आपल्याला तटस्थ म्हणवीत असला, तरी लोक त्याला सरकारचाच माणूस समजत होते. तटस्थता ही पाहणीकाराने स्वतःहून जाहीर करण्याची गोष्ट नाही. ती समोरच्याला पटावी लागते, आणि युद्धातून उठलेल्या देशात ती पटणे सर्वांत कठीण असते.

अंदाज आणि निकाल

निकाराग्वातील परिस्थिती ध्यानात घेतल्यावाचून या प्रयोगाचे मर्म कळणार नाही. जुलै १९७९ मध्ये सोमोझा घराण्याची चार दशकांची हुकूमशाही उलथून सँडिनिस्टा सत्तेवर आले. त्यानंतर अमेरिकेच्या पैशावर आणि शस्त्रांवर पोसलेल्या 'काँट्रा' बंडखोरांनी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. त्यात सुमारे तीस हजार माणसे मारली गेली, आणि तीही जेमतेम चाळीस लाख लोकसंख्येच्या देशात. अमेरिकेने व्यापारबंदी लादली. भाववाढीचा वेग १९८८ साली वर्षाला तीस हजार टक्क्यांच्याही वर गेला. तरुण मुलांना सक्तीने सैन्यात ओढले जात होते. मार्च १९८८ मध्ये युद्धबंदीचा करार झाला, तरी बंडखोरांची शस्त्रे अद्याप त्यांच्याच हाती होती. या पार्श्वभूमीवर २५ फेब्रुवारी १९९० रोजी मतदान व्हायचे होते.

निवडणुकीपूर्वीच्या बहुतेक नामांकित पाहण्यांनी ऑर्तेगांचा विजय गृहीत धरला होता. 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'एबीसी' यांच्या पाहणीत ऑर्तेगांना ४८ टक्के, तर श्रीमती चामोरोंना ३२ टक्के पाठिंबा दिसला. राजधानी मानाग्वात झालेल्या सँडिनिस्टांच्या अखेरच्या सभेला लोटलेला अफाट जनसमुदाय पाहून परदेशी वार्ताहरांच्या मनातील उरलीसुरली शंकाही फिटली. प्रत्यक्षात चामोरोंच्या आघाडीला सुमारे ५५ टक्के मते पडली आणि ऑर्तेगांना ४१ टक्क्यांवर समाधान मानावे लागले. सोळा टक्क्यांची आघाडी वाटत होती तेथे चौदा टक्क्यांचा पराभव पदरी आला. काही पाहण्यांनी चामोरोंचा विजय आधी वर्तवला होता हे खरे. पण त्यांच्या कर्त्यांना विरोधकांच्या जवळचे मानले जात होते, म्हणून जाणत्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. ज्या पाहणीत लोकांना जो रंग दिसला, तो रंग तिच्या उत्तरांत उतरला, असेच म्हणावे लागते.

एकच शास्त्र, दोन उत्तरे

अशा वेळी संख्याशास्त्रालाच दोष देण्याचा मोह अनेकांना होतो. चार-दोन हजार लोकांना विचारून लाखोंचे मत कसे कळणार, हा प्रश्न नेहमीचाच आहे. निकाराग्वातील घटनाक्रमाने त्यालाही चोख उत्तर दिले. या निवडणुकीवर देखरेख ठेवण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने निरीक्षक पाठवले होते. सार्वभौम देशाच्या निवडणुकीत राष्ट्रसंघाने असे काम अंगावर घेण्याची ही पहिलीच वेळ होती. मतदानाच्या रात्री या निरीक्षकांनी सर्व केंद्रांची वाट न पाहता, नमुन्यादाखल निवडलेल्या मोजक्या केंद्रांवरील मोजणीचे आकडे गोळा केले आणि त्यांवरून देशाचा निकाल काढला. तो अंतिम निकालाशी अगदी जवळून जुळला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हे निरीक्षक म्हणून मानाग्वात होते. त्याच रात्री ते ऑर्तेगांना भेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्तेगांनी पराभव मान्य केला.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. देश तोच, मतदार तेच आणि पद्धतही मुळात तीच. थोड्यांवरून सर्वांचा अंदाज बांधायचा, ही नमुना पाहणीची रीत दोन्हीकडे वापरली गेली. एकीकडे ती सपशेल फसली, दुसरीकडे अचूक ठरली. फरक होता तो मोजलेल्या वस्तूत. निरीक्षकांनी मोजल्या त्या पडद्याआड भरलेल्या मतपत्रिका. पाहणीकारांनी मोजले ते उंबरठ्यावर, शेजाऱ्यांच्या देखत, परक्या माणसाला सांगितलेले शब्द. तराजू ठीक होता. पारड्यात पडलेली वस्तूच निराळी होती.

या गोष्टीचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. त्या रात्री निरीक्षकांची स्वतंत्र मोजणी नसती, तर सँडिनिस्टांच्या अनुयायांना महिनोन्‌महिने ऐकलेल्या पाहण्यांवर विश्वास ठेवून 'निवडणुकीत लबाडी झाली' असे म्हणणे सहज शक्य होते. निकाल उलटा लागला असता, तर तीच बोंब विरोधकांनी ठोकली असती. दोन्ही बाजूंकडे बंदुका होत्या. एप्रिलमध्ये सत्तांतर शांततेने पार पडले आणि त्यानंतर काँट्रांनी शस्त्रे खाली ठेवली. चुकीचा आकडा अशा देशात केवळ पाहणीकाराची अब्रू घेऊन थांबत नाही; तो विझत आलेली आग पुन्हा पेटवू शकतो.

यादीत नसलेली माणसे

भीती हा एक भाग झाला. दुसरी अडचण त्याहून प्राथमिक आहे. नमुना घ्यायचा म्हणजे आधी सर्वांची यादी हवी, आणि युद्धात पहिली हरवते ती यादीच. निकाराग्वात १९७१ नंतर जनगणना झाली ती एकदम १९९५ साली. मधल्या काळात १९७२ च्या भूकंपाने मानाग्वाचा मध्यभाग जमीनदोस्त केला, क्रांती झाली, युद्ध झाले, हजारो कुटुंबे शेजारच्या होंडुरास आणि कोस्टारिकात गेली. मानाग्वात पत्ता सांगतात तो अमुक खुणेपासून इतके चौक अशा रीतीने, आणि त्यांतील काही खुणा भूकंपात कधीच्याच नाहीशा झालेल्या आहेत. अशा शहरात 'दर दहावे घर' शोधणाऱ्या मुलाखतकाराची अवस्था काय होत असेल, हे जनगणनेच्या कामासाठी उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घातलेल्या आपल्याकडील शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

अफगाणिस्तानात तर १९७९ ची जनगणनाच अपुरी राहिली आणि त्यानंतर पुरी जनगणना कधी झालीच नाही. तरीही 'एशिया फाउंडेशन' या संस्थेने तेथे २००६ पासून जवळजवळ दरवर्षी मोठी लोकमत पाहणी केली. स्त्रियांच्या मुलाखती स्त्रियांनीच घेतल्या. हे काम जिवावरचे होते आणि ते करणाऱ्या अफगाण तरुण-तरुणींचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु जेथे जाणे धोक्याचे, तेथील गावाऐवजी दुसरे गाव घ्यावे लागे. म्हणजे ज्या भागात युद्ध सर्वांत तीव्र, तेथील माणसांचा आवाज पाहणीत सर्वांत क्षीण. २०१९ च्या पाहणीत सतरा हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले आणि त्यांतील सुमारे तेरा टक्क्यांनी तालिबानबद्दल काही ना काही सहानुभूती असल्याचे सांगितले. पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूल तालिबानच्या हाती गेले. यावरून पाहणी खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तालिबान बहुसंख्य लोकांना नको होते, ही गोष्ट खरी असूनही सरकार कोसळू शकते. कारण नापसंती निराळी आणि सरकारसाठी उभे राहण्याची तयारी निराळी. आकड्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. राज्यकर्त्यांनी आणि त्यांच्या परदेशी पाठीराख्यांनी ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजू नये, एवढेच.

आडवळणाची वाट

उघड विचारले तर खरे उत्तर मिळत नाही, हे उमगल्यावर शास्त्रज्ञांनी आडवळणाच्या वाटा शोधल्या. त्यांतील एकीचे मूळ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या कल्पनेत आहे. तिचे एक सोपे रूप असे: उत्तर देणाऱ्याने मुलाखतकाराला न दाखवता नाणे उडवायचे. छाप पडला तर खरे काहीही असो, 'होय' म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. आता कोणी 'होय' म्हटले, तरी ते नाण्यामुळे की मनापासून, हे विचारणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. मात्र एकत्रित हिशेब मांडता येतो. समजा, हजार लोकांना 'तुम्ही बंडखोरांना अन्न पुरवले आहे काय?' असे विचारले आणि ६२० जणांनी 'होय' म्हटले. सुमारे ५०० 'होय' केवळ नाण्याचे. उरलेल्या ५०० जणांत खरे 'होय' १२०, म्हणजे २४ टक्के. व्यक्तीचे गुपित झाकलेले राहते आणि समाजाचे चित्र मात्र उघडे होते.

अफगाणिस्तानात २०११ साली जेसन लायल, ग्रॅमी ब्लेअर आणि कोसुके इमाई या संशोधकांनी पश्तून वस्तीच्या प्रांतांत दुसरी युक्ती योजली. कारभारातील एखाद्या सुधारणेबद्दल लोकांचे मत विचारायचे. काहींना ती सुधारणा नुसती सांगायची, काहींना 'याला तालिबानचा पाठिंबा आहे' असे सांगायचे, तर काहींना 'याला परदेशी फौजांचा पाठिंबा आहे' असे. तालिबानविषयी थेट एकही प्रश्न नाही. उत्तरांतील फरकच काय ते बोलतो. त्यातून निघालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. परदेशी फौजांकडून इजा झालेल्या लोकांत त्या फौजांचा पाठिंबा घटला आणि तालिबानचा वाढला. परंतु तालिबानकडून इजा झालेले लोक त्या प्रमाणात परदेशी फौजांकडे वळले नाहीत. आपल्यातल्याने केलेली इजा आणि परक्याने केलेली इजा यांचे माप माणूस वेगवेगळे धरतो. हे सत्य सरळ प्रश्नातून हाती लागणे कठीण होते.

तथापि, या युक्त्यांनाही मर्यादा आहेत. नाणे उडवायला सांगणारा माणूस खेड्यातील अशिक्षित म्हाताऱ्याला संशयास्पदच वाटणार. हिशेबातून येणारा आकडाही ढोबळ असतो, कारण निम्मी उत्तरे मुद्दामच वाया घालवलेली असतात. विश्वासाची उणीव गणिताने थोडी भरून काढता येते, पुरती नाही.

काय सोसवेल?

प्रश्न कसा विचारावा, याइतकाच प्रश्न कोणता विचारावा हाही मुद्दा मोलाचा आहे. दोन देशांची उदाहरणे याबाबत शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

कोलंबियात अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या आणि दोन लाखांहून अधिक बळी घेणाऱ्या संघर्षानंतर सरकार आणि 'फार्क' बंडखोर यांच्यात २०१६ साली करार झाला. २ ऑक्टोबरला त्यावर सार्वमत घेण्यात आले. पाहण्यांनी 'होय'चा सहज विजय वर्तवला होता. प्रत्यक्षात 'नाही'ला ५०.२ टक्के मते मिळाली. फरक अवघ्या चोपन्न हजार मतांच्या आसपास होता आणि मतदान ३८ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. शांततेला विरोध असल्याचे परक्या माणसाला सांगणे कोणाला आवडेल? 'होय' म्हणणे सभ्यपणाचे होते. मतदानाला जाणे मात्र त्यापुढची गोष्ट होती. त्यातच किनारपट्टीवर वादळाने झोडपले. बोहाया या गावात २००२ साली चर्चमध्ये आश्रय घेतलेले कित्येक लोक फार्कच्या स्फोटात मारले गेले होते. त्याच गावाने ९५ टक्क्यांहून अधिक मते कराराच्या बाजूने टाकली. युद्ध ज्यांनी अंगावर झेलले त्यांचे मत काय आहे, हा प्रश्न सरासरीच्या आकड्यात बुडून गेला होता.

उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली होती. तेथे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील कॉलिन अर्विन यांनी निराळी रीत अवलंबली. वाटाघाटीत बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींनाच त्यांनी प्रश्न तयार करण्यात सहभागी करून घेतले. त्यामुळे 'हे प्रश्न आमच्याविरुद्ध रचलेले आहेत' अशी ओरड करायला कोणाला जागा उरली नाही. शिवाय प्रत्येक तोडग्यासाठी 'होय' किंवा 'नाही' एवढेच न विचारता पाच पायऱ्या ठेवल्या: अत्यावश्यक, इष्ट, स्वीकारार्ह, सोसण्याजोगा आणि अस्वीकारार्ह. दोन्ही समाजांची पहिली पसंती विचारली असती, तर दोन टोकेच हाती आली असती. पण 'मनासारखे नाही, तरी सोसवेल' या पायरीवर दोन्ही समाज कोठे एकत्र येऊ शकतात, हे या रीतीने दिसले. पाहण्यांचे निष्कर्ष वृत्तपत्रांतून जाहीर झाले आणि पुढाऱ्यांना आपल्याच अनुयायांचे मन कळले. एप्रिल १९९८ मध्ये करार झाला आणि २२ मेच्या सार्वमतात ७१ टक्के मतदारांनी त्याला मान्यता दिली. या यशाचे सारे श्रेय पाहण्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तडजोडीला लोकांची किती तयारी आहे हे मोजता येते आणि मोजल्याने तडजोड सोपी होते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

आकडा कोणी मागितला?

युद्धोत्तर देशातील लोकमताचे आकडे आज जगभरच्या वृत्तपत्रांत झळकतात. त्यांच्या आधारे मदतीचा निधी वाटला जातो, फौजा पाठवल्या किंवा परत बोलावल्या जातात, करार केले जातात. म्हणून वाचकाने आकडा वाचण्यापूर्वी त्याची कुळी विचारली पाहिजे. प्रश्न कोणी विचारला, आणि उत्तर देणाऱ्याला तो कोणाचा माणूस वाटला? कोणत्या गावांत पाहणीकार गेलाच नाही? 'सांगता येत नाही' म्हणणारे किती होते? भयग्रस्त समाजात हा शेवटचा रकाना अज्ञानाचा नसतो, बहुधा सावधगिरीचा असतो, आणि कित्येकदा सर्वांत बोलका तोच असतो. ही माहिती जी पाहणी देत नाही, तिच्यावर विसंबण्यापेक्षा बाजारात चार माणसांशी बोललेले बरे.

मात्र या सावधगिरीचा अर्थ लोकमत मोजूच नये असा होत नाही. लोकांना विचारले नाही, तर लोकांच्या नावाने बोलण्याचा मक्ता बंदूकधाऱ्यांकडे आणि त्यांच्या प्रवक्त्यांकडेच राहतो. अपुऱ्या मापानेही मोजावे. फक्त माप अपुरे आहे हे विसरू नये.

निकाराग्वाची कथा १९९० साली संपली नाही. ऑर्तेगा २००७ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले. २०२१ च्या निवडणुकीपूर्वी त्यांच्या संभाव्य प्रतिस्पर्ध्यांना एकापाठोपाठ एक अटक झाली. श्रीमती चामोरोंच्या कन्येलाही स्वतःच्याच घरात स्थानबद्ध करण्यात आले. अशा देशात दारावर थाप पडली की घरातील माणूस आजही आधी आलेल्याचे हात पाहणार. युद्ध संपल्याची तारीख करारावर लिहिलेली असते. भय संपल्याची तारीख मात्र कोणत्याच कागदावर नसते. दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या हातातील पेन कोणत्या रंगाचे आहे, इकडे ज्या दिवशी लोकांचे लक्ष जाणार नाही, तो दिवस तिचा समजावा.